घर मोडलं तर सर्वेक्षण कोणाच्या मागे जातं?

प्रश्न विचारणाऱ्याला जोडप्यांच्या समाधानावर पदव्युत्तर प्रबंध लिहायचा आहे. त्यांची शंका थोडक्यात अशी: लग्नाला दोन, दहा, तीस वर्षं झालेली जोडपी एकदाच गाठून विचारलं, तर लग्न कसं बदलत जातं ते कळणार नाही का? त्यासाठी त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं जाणारी पॅनेल सर्वेक्षणं कशाला हवीत? आणि जायचंच म्हटलं, तर मध्येच जोडपं वेगळं झालं, कोणी घर सोडलं, कोणी उत्तरं देणं थांबवलं, की उरलेल्या आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा?

मी बरीच वर्षं या कामात आहे. आधी प्रश्नावली आणि क्षेत्रकामाच्या बाजूला होतो, आता जास्त करून विश्लेषण करतो. माझ्या मते या तीन शंकांच्या मुळाशी एकच अडचण आहे. ज्या नात्याचा अभ्यास करायचा, तेच अभ्यासाच्या मध्यात संपू शकतं, आणि संपलं की ती माणसंही अनेकदा आपल्या हातून निसटतात. बाकीचे बहुतेक तांत्रिक प्रश्न इथूनच फुटतात.

उत्तराचा बराच भाग तुम्हाला काय सिद्ध करायचंय यावर ठरेल. आज किती जोडपी समाधानी आहेत, कोणत्या गटात भांडणं जास्त आहेत, एवढंच हवं असेल तर एकदाच केलेली पाहणी पुरते. ती स्वस्त असते आणि नमुना ताजा असतो. लग्नाच्या वर्षांबरोबर समाधान उतरतं किंवा चढतं असा दावा करायचा असेल, तर मात्र एकदाच विचारणं धोक्याचं आहे, आणि तुमचा विषय हे त्याचं जवळजवळ आदर्श उदाहरण आहे.

वैवाहिक समाधानाची रेघ इंग्रजी 'यू' अक्षरासारखी असते, असं पाठ्यपुस्तकांनी अनेक दशकं सांगितलं. सुरुवातीला वर, मुलं लहान असताना खाली, मुलं आपापल्या वाटेला लागली की पुन्हा वर. चित्र मनाला पटतं, म्हणून ते टिकलंही. पण त्याचा बराचसा आधार तुम्ही सुचवताय तसाच होता: वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या जोडप्यांना एकाच वेळी विचारणं. आता तीस वर्षं लग्न झालेल्यांच्या गटात कोण असतं ते पाहा. ज्यांचं टिकलं तेच. ज्यांचं फारसं जमलं नाही त्यांच्यातले बरेचजण त्याआधीच वेगळे झालेले असतात आणि सरासरीतून गळालेले असतात. एकाही जोडप्याचं समाधान वाढलं नाही तरी गटाची सरासरी वर जाऊ शकते. शिवाय तीस वर्षांपूर्वी लग्न केलेल्यांच्या आणि दोन वर्षांपूर्वी केलेल्यांच्या लग्नाकडून अपेक्षाच निराळ्या असतात. तो पिढीचा फरक लग्नाला किती वर्षं झाली याच्या खात्यावर जमा होतो.

अमेरिकेत १९८० मध्ये २,०३३ विवाहित व्यक्तींशी टेलिफोनवरून बोलून एक अभ्यास सुरू झाला आणि त्याच व्यक्तींना पुढे पुन्हा पुन्हा गाठलं गेलं. १९९७ पर्यंतच्या पाच फेऱ्यांचं विश्लेषण २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा 'यू'ची उजवी चढण दिसलीच नाही. सरासरी समाधान उतरत होतं, सुरुवातीच्या आणि अगदी शेवटच्या वर्षांत जास्त वेगाने. म्हणून प्रत्येक लग्न उताराला लागलेलं असतं असं समजू नका. सरासरीच्या पोटात वर्षानुवर्षं जवळपास एकाच पातळीवर राहणारी जोडपीही असतात, आणि तीही त्याच माणसांकडे परत गेल्याशिवाय दिसत नाहीत.

यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे एकदाच जायचं, पण मागचं आठवून सांगायला लावायचं. तारखांपुरता तो बरा चालतो. लग्न कधी झालं, मूल कधी झालं, वेगळे कधी राहू लागलात, हे माणसं बऱ्यापैकी अचूक सांगतात, विशेषतः समोर वर्षांचा तक्ता ठेवून नोकरी, घर, मुलं अशा एकमेकांशी जुळणाऱ्या घटना भरून घेतल्या तर. बहुतेक पॅनेल सर्वेक्षणं पहिल्या फेरीत असा पूर्वेतिहास घेतातच. भावनांना हा उपाय लागू पडत नाही. घटस्फोट झालेल्याला सुरुवातीची वर्षं कशी होती असं विचारलं, तर तो शेवट ठाऊक असलेल्या जागेवरून उत्तर देतो. खोटं बोलत नसतो. आठवणीची मांडणीच बदललेली असते. पॅनेलची खरी ताकद इथे आहे. आपलं लग्न मोडणार आहे हे त्या माणसाला स्वतःला ठाऊक नसताना दिलेलं उत्तर त्यात नोंदलेलं असतं.

उत्पन्नाच्या बाबतीतही हेच. १९८५ मध्ये एका अमेरिकी अभ्यासाने लॉस एंजेलिसमधल्या घटस्फोटितांच्या मुलाखतींवरून सांगितलं की घटस्फोटानंतर स्त्रियांचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं आणि पुरुषांचं ४२ टक्क्यांनी वाढतं. आकडा गाजला, कायद्याच्या चर्चांत पोचला. १९९६ मध्ये तीच मूळ माहिती पुन्हा मोजली तेव्हा घसरण २७ टक्के आणि वाढ १० टक्के निघाली. दोष हिशेबात होता. पण त्याच्याही आधी, ७३ हा आकडा जास्त वाटतो असं म्हणणारे संशोधक होते. त्यांच्याकडे पॅनेलचे आकडे होते, म्हणजे त्याच स्त्रियांचं घटस्फोटाआधीचं आणि नंतरचं उत्पन्न त्या-त्या वेळी नोंदलेलं, आणि त्यातून घसरण साधारण ३० टक्क्यांच्या आसपास दिसत होती.

आई-वडील वेगळे झाले की मुलांचं वागणं बिघडतं, या समजुतीबद्दलही असंच. ब्रिटनमध्ये मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७,००० हून जास्त मुलांचा पाठपुरावा होत आला आहे. (हा काटेकोरपणे पॅनेल नव्हे, जन्मगटाचा अभ्यास आहे: एकाच वेळी जन्मलेल्यांचा. पद्धत तीच.) सातव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी केलेल्या मोजणीच्या मधल्या काळात ज्यांचे आई-वडील वेगळे झाले, त्या मुलांच्या अडचणींतला बराच भाग, विशेषतः मुलग्यांच्या बाबतीत, सातव्या वर्षीच दिसत होता. त्या वेळी ते घर अजून एकत्र होतं. हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं. विभक्तीचा परिणाम शून्य असतो असं त्यावरून ठरत नाही. पण 'आधी' मोजलेलं नसेल तर 'नंतर'च्या सगळ्याचं खापर विभक्तीवर फुटतं, एवढं नक्की.

आता तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग: जोडपं वेगळं झालं तर मुलाखतकार कोणाकडे जातो?

कुटुंबाचा पाठपुरावा करणारी सर्वेक्षणं प्रत्यक्षात कुटुंबाचा पाठपुरावा करत नाहीत, माणसांचा करतात. एखादं घर घ्या: नवरा-बायको, दोन मुलं, एक आजी. बारा वर्षांनी नवरा दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईबरोबर राहतोय, बायको धाकट्या मुलाबरोबर आहे, मोठी मुलगी लग्न करून वेगळी झाली आहे, आजी वारली आहे. यातलं 'तेच कुटुंब' कोणतं? याचं कोणतंही उत्तर मनमानी ठरेल. म्हणून व्यक्तीला क्रमांक द्यायचा, तिच्यामागे जायचं आणि प्रत्येक फेरीत ती कोणाबरोबर राहते, तिचं त्यांच्याशी नातं काय हे नव्याने नोंदवायचं. कुटुंब हा मग त्या व्यक्तीला त्या वर्षापुरता चिकटलेला गुण होतो.

मिशिगन विद्यापीठाने १९६८ मध्ये सुमारे ५,००० अमेरिकी कुटुंबं घेऊन सुरू केलेलं सर्वेक्षण या बाबतीत सगळ्यांचं आजोबा आहे. मूळ हेतू गरिबी समजून घेण्याचा होता. नियम असा की त्या मूळ घरांतली माणसं आणि त्यांची पुढची मुलं कुठेही गेली तरी नमुन्यात राहतात. मूल मोठं होऊन वेगळं बिऱ्हाड करतं, तेव्हा ते बिऱ्हाड स्वतंत्र मुलाखतीला पात्र ठरतं. मूळ घरातले नवरा-बायको वेगळे झाले तर दोघांच्याही मागे जायचं. मूळ हेतू गरिबीचा असूनही सुरुवातीच्या वर्षांतला एक ठळक निष्कर्ष कुटुंबाबद्दलचाच निघाला: घरांच्या आर्थिक स्थितीतले चढउतार घडवण्यात घराच्या रचनेतला बदल, म्हणजे लग्न, विभक्ती, जन्म, कोणाचं घर सोडणं, हे फार मोठं कारण होतं. घर हे स्थिर एकक धरून चाललं असतं तर हे दिसलंच नसतं.

या नियमात एक फट आहे. समजा नमुन्यातल्या मुलीने लग्न केलं. तिचा नवरा मूळ नमुन्यातला नाही. ती दोघं एकत्र आहेत तोवर त्याचीही माहिती घेतली जाते. वेगळे झाले की तिचा पाठपुरावा चालू राहतो, त्याचा थांबतो. विभक्तीनंतर दोघांचं काय झालं याची तुलना करायची असेल तर अशा जोडप्यांत एकच बाजू हाती लागते. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश घरगुती पॅनेलमध्ये (घरगुती म्हणजे घरं निवडून, त्यांतल्या माणसांमागे जाणारं) नंतर आलेल्या अशा माणसांना तात्पुरते सदस्य धरत, पण मूळ सदस्याबरोबर मूल झालं तर ते कायमचे होत. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण मुलाच्या आयुष्यात तो बाप घर सोडल्यावरही बाप असतोच.

दुसरी पद्धत घर हा आधारच सोडून देते. जर्मनीत २००८-०९ मध्ये पेअरफॅम नावाचं पॅनेल सुरू झालं. त्यात १९७१-७३, १९८१-८३ आणि १९९१-९३ या तीन जन्मगटांतल्या १२,००० हून जास्त व्यक्ती घेतल्या. यातली प्रत्येक जण मुख्य व्यक्ती, म्हणजे खुंटी. तिच्या जोडीदाराला वेगळी प्रश्नावली, पुढच्या फेऱ्यांत तिच्या आई-वडिलांना आणि आठ वर्षांवरच्या मुलांनाही. जोडीदार एकाच घरात राहतो की नाही याला महत्त्व नाही, नातं आहे का ते विचारायचं. घरांच्या यादीवर आधारलेल्या सर्वेक्षणात वेगवेगळ्या पत्त्यांवर राहणारं जोडपं दोन एकटी माणसं म्हणून नोंदलं जाण्याचा धोका असतो. पेअरफॅममध्ये ते जोडपं म्हणूनच दिसतं. किंमत अशी की नातं तुटलं की जुना जोडीदार बाहेर जातो, नवा आला तर तो आत येतो. एका माणसाची नात्यांची साखळी छान दिसते, तुटलेल्या नात्याची दुसरी बाजू दिसत नाही. कोणतं सर्वेक्षण 'चांगलं' असं विचारणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, की तुम्हाला विभक्तीनंतर कोण दिसायला हवंय?

काही वेळा योग्य क्षण पकडणं हाच उपाय असतो. अमेरिकेतल्या २० मोठ्या शहरांत १९९८ ते २००० दरम्यान जन्मलेल्या सुमारे ४,९०० बाळांचा एक अभ्यास आहे, ज्यात अविवाहित आई-बापांची मुलं मुद्दाम जास्त घेतली. असे बाप नेहमीच्या पाहणीत हाती लागत नाहीत. म्हणून त्यांना बाळाच्या जन्माच्या सुमारास, बरेचदा रुग्णालयातच, गाठलं. त्या वेळी बहुतेक जोडपी पुढे एकत्र राहण्याबद्दल आशावादी होती. पाच वर्षांनी निम्म्याहून जास्त अविवाहित जोडप्यांचं नातं संपलेलं होतं. पण त्या बापांचं सुरुवातीचं म्हणणं नोंदलं गेलं होतं.

मुलाखतीबद्दलही थोडं सांगतो, कारण विश्लेषण करणाऱ्यांना या बाजूची कल्पना नसते. नात्याबद्दलचे प्रश्न जोडीदार शेजारी बसलेला असताना विचारले तर उत्तरं गोड होतात. म्हणून तो भाग उत्तर देणाऱ्याने स्वतः कागदावर किंवा संगणकावर भरायचा, मुलाखतकाराने पडद्याकडे पाहायचं नाही, आणि तिसरं कोणी खोलीत होतं का याची नोंद ठेवायची. ही नोंद माहितीच्या फाइलमध्ये बहुधा असते. तिच्याकडे फार कमी जण पाहतात.

दोघांना वेगवेगळं विचारलं की उत्तरं जुळत नाहीत. घरकामातला आपला वाटा किती असं दोघांना विचारून टक्के एकत्र केले तर बेरीज शंभराच्या वर जाते, हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. नवखे अभ्यासक याला त्रुटी समजून सरासरी काढतात. मी ती तफावत जपून ठेवायला सांगतो, कारण कोणाला आपण जास्त राबतो असं वाटतं हीच अनेकदा पुढच्या फेरीत काय घडणार याची खूण असते.

आणखी एक पेच पॅनेलमध्येच येतो. दर फेरीत सगळं कोरं विचारलं तर दोन फेऱ्यांच्या सांध्यावर बदलांची खोटी गर्दी होते. गेल्या वेळी एक शब्द वापरला, यंदा दुसरा, म्हणून नोकरी किंवा नातं 'बदललं' असं दिसतं. उपाय म्हणून मागच्या वेळचं उत्तर वाचून दाखवतात: गेल्या वेळी तुम्ही अमुक व्यक्तीबरोबर राहत होता, अजून तसंच आहे का? नोकरीबाबत हे ठीक. नात्याबाबत दोन भानगडी. ती व्यक्ती मधल्या काळात वारली किंवा सोडून गेली असेल तर हा प्रश्न जखमेवर बोट ठेवतो, त्यामुळे मुलाखतकाराला आधी 'घरात कोण कोण आहे' हे मोकळेपणाने विचारायला शिकवावं लागतं. दुसरी जास्त गंभीर: ती माहिती मुळात जोडीदाराने दिलेली असेल तर ती दुसऱ्याला वाचून दाखवणं म्हणजे विश्वासघात. एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या मुलाखतीत कधीही झळकता कामा नये, हा नियम कागदावर सोपा आणि संगणकीय प्रश्नावलीत पाळायला किचकट आहे.

दरवर्षी नात्याबद्दल विचारल्याने नात्यावरच परिणाम होत असेल का, हेही लोक विचारतात. थोडाफार होत असणार. निदान उत्तर देण्याची सवय तरी बदलते: कोणत्या 'हो'नंतर वीस उपप्रश्न येतात हे माणसाच्या लक्षात येतं. नव्याने घेतलेल्या नमुन्याची उत्तरं जुन्यांशी ताडून याचा अंदाज घेतात. माझ्या अनुभवात हा मोठा शत्रू नाही. मोठा शत्रू गळती आहे.

१९६८ च्या त्या अमेरिकी नमुन्यातले जवळपास निम्मे लोक १९८९ पर्यंत निघून गेले होते, काही मृत्यूने, बाकीचे नकाराने किंवा पत्ता हरवून. ऐकणारा म्हणतो, मग संपलंच. पण १९९८ मध्ये या गळतीची कसून तपासणी झाली तेव्हा उरलेला नमुना, भार देऊन (म्हणजे जास्त गळालेल्यांसारख्या उरलेल्या माणसांची उत्तरं जास्त वजनाने मोजून), इतर राष्ट्रीय आकडेवारीशी बऱ्यापैकी जुळणारा निघाला. गळालेल्यांचं उत्पन्न सरासरी कमी होतं, ते विवाहित असण्याची शक्यता कमी होती, त्यांची आयुष्यं जास्त अस्थिर होती. तरीही एकूण चित्र फारसं वाकडं झालं नव्हतं. तेव्हा 'अर्धे गेले' हे वाक्य एकट्याने काही सांगत नाही. किती गेले यापेक्षा कोण गेले आणि का, हे तुमच्या विषयाशी किती गुंतलंय ते महत्त्वाचं.

आणि तुमच्या विषयाशी ते खूप गुंतलंय. जोडपं वेगळं होतं तेव्हा निदान एकाचा पत्ता बदलतो, फोन बदलतो, मुलाखतीला वेळ नसतो, आणि नात्याबद्दल बोलायची इच्छा तर सगळ्यात कमी असते. म्हणजे घटना घडते आणि माणूस गायब होतो, बहुधा एकाच फेरीत. गळतीसाठी जे भार दिले जातात ते मागच्या फेरीत माहीत असलेल्या गोष्टींवरून काढलेले असतात: वय, शिक्षण, उत्पन्न, तेव्हाचं समाधान. मधल्या वर्षात जे घडलं ते त्यांना ठाऊक नसतं. उत्पन्नाची सरासरी या भारांनी सावरते. विभक्तीचं प्रमाण मात्र कमीच दिसत राहू शकतं, आणि उरलेल्यांचं सरासरी समाधान फुगलेलं. तुमच्या तिसऱ्या शंकेचं खरं उत्तर हे आहे: काही प्रश्नांसाठी भरवसा ठेवा, काहींसाठी बाहेरचा पुरावा मागा. अधिकृत घटस्फोट नोंदींशी पॅनेलमधलं प्रमाण ताडून पाहणं ही निदान पहिली पायरी.

गळती अटळ असते असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास पंचेचाळिसाव्या वर्षी पोचला, तेव्हा हयात असलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक आले होते. जगात कुठेही असले तरी त्यांना प्रवासखर्च देऊन बोलावलं जातं. हजारभर माणसांत हे परवडतं, ब्रिटनमध्ये २००९ मध्ये सुमारे ४०,००० घरं घेऊन सुरू झालेल्या मोठ्या पॅनेलमध्ये नाही. तिथे रोजचे कंटाळवाणे उपाय करावे लागतात: शक्यतो तोच मुलाखतकार, दोन फेऱ्यांच्या मध्ये एखादं पत्र, पत्ता बदलला तर कळवायला ठेवलेली सोय, ठावठिकाणा सांगू शकतील अशा दोन नातलगांची नावं (दोघं एकाच बाजूचे नकोत, विभक्तीनंतर उपयोग होत नाही), आणि एका वर्षी 'नको' म्हणणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा विचारणं. शेवटचा उपाय अनेक सर्वेक्षणांनी उशिरा शिकला. एक फेरी चुकली म्हणजे माणूस गेला असं नसतं, आणि त्याची ती चुकलेली फेरी नेमकी वादळाची असू शकते. इतकं करूनही नमुना झिजतोच, म्हणून अधूनमधून नवी भर घालतात. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये ७,६८२ घरांनिशी सुरू केलेल्या पॅनेलमध्ये २०११ मध्ये दोन हजारांहून जास्त घरं वाढवली.

विश्लेषणाबद्दल थोडक्यातच सांगतो, पुस्तकं भरपूर आहेत. पॅनेलमुळे माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आधीच्या वर्षांशी करता येते. जर्मनीत १९८४ पासून चालू असलेल्या पॅनेलवरून २००३ मध्ये दिसलं की लग्न करणारे लोक लग्नाच्या कितीतरी आधीपासूनच सरासरीपेक्षा थोडे जास्त समाधानी असतात, लग्नाच्या सुमारास थोडी वाढ होते, आणि सरासरीने ते पुन्हा आपल्या मूळ पातळीच्या जवळ येतात. विवाहित जास्त समाधानी असतात, याचा काही भाग कोण लग्न करतं यातच आहे. मात्र स्वतःशी तुलना करण्याची ही पद्धत ज्यांच्या आयुष्यात काही बदललं त्यांच्यावरच उभी असते. दहा हजारांचा नमुना मोठा वाटतो, पण पाच वर्षांत वेगळी झालेली, दोन्ही बाजूंची उत्तरं असलेली, लहान मुलं असलेली जोडपी मोजायला गेलात तर हाती शे-दोनशे लागतात. ही मोजणी विषय ठरवण्याआधी करा.

तर, तुमच्या प्रबंधासाठी. दोन वर्षांत स्वतःचं पॅनेल उभारू नका. दोन फेऱ्यांत फारसं काही बदलत नाही आणि जे बदलतं ते सहसा गळालेल्यांत असतं. तयार माहिती वापरा. १९६८ च्या त्या अमेरिकी पॅनेलची बरीचशी माहिती नोंदणी करून मोफत मिळते. जर्मन आणि ब्रिटिश पॅनेलसाठी अर्ज आणि अटी आहेत, मार्गदर्शकाच्या सहीने काम होतं. विषय जोडप्याच्या दोन्ही बाजूंचा असेल तर पेअरफॅम, विभक्तीनंतरच्या आर्थिक स्थितीचा असेल तर घरगुती पॅनेल. मार्गदर्शकांचा एकदाच करायच्या पाहणीवरच आग्रह असेल तर तीही करा, पण मग प्रश्न बदला: समाधान वर्षांबरोबर कसं बदलतं हे सोडा आणि एकाच घरातली दोन उत्तरं किती आणि कशावर वेगळी पडतात हे घ्या. तेवढं एका भेटीत प्रामाणिकपणे मोजता येतं.

पॅनेलच घेतलंत तर समाधानाची फाइल पहिल्यांदा उघडू नका. प्रत्येक फेरीत कोणाशी संपर्क झाला, कोणी नकार दिला, कोणाचा पत्ता सापडला नाही याची वेगळी फाइल असते. पहिला महिना तिच्यात घालवा. मागच्या फेरीत नात्याबद्दल सगळ्यात कमी गुण देणारे लोक पुढच्या फेरीत इतरांपेक्षा जास्त गळाले का, एवढा एक तक्ता काढा. फरक मोठा निघाला तर तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होईल.